साइडपट्टीची मतं

भंडाऱ्याची पिशवी आबांनी देव्हाऱ्यातनं काढून सोप्यातल्या फळीवर आणून ठेवली, तवाच मी ओळखलं, आज ह्या घरात कायतरी फुटणार.

करिदिन हुता. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, डब्यात अजून तीळगूळ शिल्लक, आन् नेमकं त्याच दिवशी महापालिकेचं मतदान. आत्ती पहाटं दुधाला निघतानाच म्हणालती, "करीला माणूस नवं लुगडं नेसत न्हाय, आन् ह्यास्नी आख्ख्या गावाचं कारभारी निवडायचंय."

"सगळी हितं बसा," आबा म्हणाले. "नवाला जीप येणार हाय. त्याच्या आधी काय बोलायचं ते बोलून घ्या."

बोलून घ्या म्हणजे ऐकून घ्या. आबा, म्हंजे हंबीरराव, पप्पांचं थोरलं भाऊ. आजवर ह्या घरातलं एक मत बी त्यांच्या शब्दाबाहीर गेलं न्हवतं. आबा, काकी, त्यांचा राजवीरदादा, माझं पप्पा, आई आन् बया आत्ती. सहा मतं. अनुजा चौदाची, मी मार्चमधी अठराची. आमी दोघी भैणी बिनमताच्या.

"ह्या बारीला चार बटणं हायत," आबांनी बोटं दाखवली. "अ, ब, क, ड. चारी दाबल्याबिगर मशीन आवाज करत न्हाय. सहा माणसं, चोवीस बटणं. चोवीसच्या चोवीस गणपतरावच्या पॅनेलला. मी त्यांच्या हापिसात भंडारा उचललाय."

आमच्यात भंडारा उचलला की विषय संपला. हळदीची चिमट तळव्यावर घ्यायची, देवाचं नाव घ्यायचं आन् शब्द द्यायचा. मोडला तर काय हुतंय ते कुणाला म्हाईत न्हाय, कारण मोडाय कोण जातंय.

"बदल्यात काय दिलं त्यानं?" आत्तीनं इचारलं. तिची सायकल आताच भिताडाला लागलेली, कॅन अजून काढलं न्हवतं. चौसष्ट वरसाची बाई, कसबा बावड्यातल्या अडतीस घरांत सायकलवरनं दूध घालती.

"बदल्यात कशाला काय? साइडपट्टीला ब्लॉक बसत्यात. पिवळं पट्टं मारून चारचाकीचं पार्किंग हुतंय. राजवीरच्या चहाला बरकत यील."

म्हंजे पट्टी जाणार असं ऐकलेलं, ते खरं हुतं.

आमच्या घराम्होरनं रस्ता कारखान्याकडं जातोय. डांबराच्या कडंला मातीची पट्टी हाय, सात फूट दोन इंच, मी टेपनं मोजलीया. पाळीची माणसं, दूधवाली, शाहूपुरीला शाळंला जाणारी पोरंपोरी, सगळी तिच्यावरनं सायकल घालत्यात. म्हंजे घालत हुती. राजवीरदादानं घराम्होरं चहाचं दुकान टाकलं आन् शेजारी दोन हाटेलं झाली तशा पट्टीवर गाड्या उभ्या ऱ्हायला लागल्या. दिवाळीनंतर एका गाडीचं दार उघडलं आन् अनुजा त्याच्यावर आपटली. हनुवटीला आठ टाकं. त्याच सांजचं आबा म्हणालं, "जूनपास्नं सायकल बंद. धाव्वी हितंच कुठंतरी करील."

हितंच कुठंतरी म्हंजे काय, ते मला इचारा. माझी सायकल दीड वरसामागं बंद झालती. ट्रकनं कट मारला, मी खड्ड्यात गेलो, पप्पा म्हणाले, "चार दिस घरात बस." ते चार दिस अजून संपलं न्हाईत. मधी शाळंतल्या बाईंशी माझं भांडण झालं, पेपर बुडला, आन् मग कुणी इचारलंच न्हाय. त्यामुळं अनुजाचा जून मला पंख्यावरच्या धुळीगत रोज दिसत हुता.

"आबा, तुमी पट्टी इकली," मी म्हटलं.

"क्रांते, तोंड आवर."

"वहीत बघा की आधी, मग आवरतो."

"तुझ्या वहीला मत हाय काय? मत यादीत असतंय, वहीत न्हाय."

वहीचं सांगतो. शाळा सुटल्यावर माणसाला डोळं तेवढंच ऱ्हात्यात. डिसेंबरात मी पायरीवर बसून मोजाय लागलो. सकाळी सहा ते साडेआठ, आठ दिवस. एका सकाळी चारशे अडतीस सायकली. पट्टीवर उभ्या ऱ्हायलेल्या चारचाकी एकोणीस. ही वही घेऊन मी आधी गणपतरावकडं गेलतो. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, हसलं बी न्हाईत.

"झकास मोजलंस पोरी," ते म्हणाले. "पर ह्यातली मताला किती येत्यात ते मोजलंस?"

मी वही परत घेतली.

"न्हाय मोजलंस. मी मोजलंय. पंधरा वरसं ह्याच धंद्यात हाय. पाळीचा माणूस पाळी सुटली की झोपतोय. दुकानवाला साडेसातला लाइनीत हुबा असतोय, बायकू-पोरांसंगट. आता मी कुणाचं ऐकू, तूच सांग."

मला असला राग आला की त्यांच्या हापिसाचं दार मी आपटून आलो. कसबा बावड्यात सगळीकडं झालं, हंबीररावच्या पुतणीला वळण न्हाय. पर राग उतरल्यावर ध्यानात आलं, माणूस खोटं बोलला न्हवता.

मग दुसरी मोजणी केली. सायकली थांबवून थांबवून इचारलं, महापालिकेला मत टाकलंतं का कवा. शंभरातली एकसष्ट न्हाय म्हणाली. त्यातली निम्मी आमदारकीला न चुकता जात्यात. आकाराम म्हणून एक, कारखान्यात बॉयलरवर असतोय, तो म्हणाला, "दिल्ली-मुंबईचं बघितलं की बास. गटारीसाठी कोण लाइनीत हुबा ऱ्हाणार?"

"परवा तुमी सायकलसकट गटारीतच गेलासा न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. वहीत हाय."

त्यानं सायकल स्टँडला लावली. मग म्हणाला, "कुणाला टाकायचं मग?" तवा मला कळलं, ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं न्हाय. म्हणून मी भूमिका मॅडमकडं गेलो. त्या शाहूपुरीत गणिताच्या शिकवण्या घेत्यात, ड गटात गणपतरावच्या विरोधात अपक्ष हुब्या हुत्या, चिन्न कपबशी. त्यांनी दोन गोष्टी केल्या. वही झेरॉक्स करून घेतली, आन् म्हणाल्या, "पट्टी सायकलला ऱ्हाईल आन् मधी दगडाची कड यील, हे मी कागदावर लिहून देतो. पर निवडून आलो तर. ह्या चारशे अडतीस माणसांनी घरी झोपायचं ठरवलं तर मी बी घरीच."

कपबशीमुळं राजवीरदादाची मात्र पंचाईत झाली. तो पॅनेलचा माणूस, आन् दुकानात चहा कपबशीतनं. गणपतरावचा एक पंटर येऊन म्हणाला, "प्रचार करालाईस व्हय रं?" तवापास्नं बिचारा कागदी गिलासात चहा द्यायलाय, आन् म्हातारी गिऱ्हाईकं बोटं भाजून घ्यायलीत.

तर सोप्यात. आत्तीनं पदराला हात पुसलं आन् आबांच्या म्होरं जाऊन बसली.

"हंबीर, भंडारा कुणाच्या हातानं उचललास?"

"माझ्या. मग कुणाच्या?"

"आन् शाई कुणाच्या बोटाला लावणार?"

"आक्का, उगा फाटं फोडू नगंस. घराचा शब्द असतोय. घर एक हाय न्हवं?"

"एक हाय की. तुझ्या घरात तीस वरसं दूध घालून खातोय, मला काय कमी केलं न्हाईस तू. पर दारची पट्टी माझ्या पायाखालची हाय. गाड्या लागल्यापास्नं मी डांबरावरनं जातोय, मागनं ट्रक आला की कॅन थरथरत्यात. तू कवा सायकलवर बसलास शेवटचं?"

आबास्नी बुलेट घिऊन वीस वरसं झाली.

"पिशवी दे हिकडं," आत्ती म्हणाली. आन् कुणी उठायच्या आत तिनं फळीवरची पिशवी घेतली, चिमट काढली आन् तळव्यावर धरली. दुधाचा वला तळवा, हळद लगेच चिकटली. दुसरा हात अनुजाच्या डोक्यावर. "मी शब्द देतो. ड गटाच्या निळ्या पट्टीवरचं माझं बटण ह्या पोरीच्या सायकलीला. बाकीची तीन घे तुझ्या पॅनेलला."

"आक्का, ते खाली ठेव."

"ठेवून काय उपेग? उचलला की."

"एका घरात दोन भंडारं?" आबांचा आवाज फाटला. "कुणी ऐकलंय का असलं कवा?"

आबांना राग आलेला मी हजारदा बघितलाय. हे ते न्हवतं. पायरी हाय म्हणून पाय टाकावा आन् नसावी, तसं तोंड झालतं त्यांचं. दुसऱ्याला त्याचा भंडारा मोडाय लावणं हे आपला मोडण्यापेक्षा वंगाळ, हे त्यांनीच आमास्नी शिकवलेलं.

आई चुलीकडच्या दारात हुती. आबांच्या म्होरं ती दारात थांबती, सोप्यात येत न्हाय. ती आली. हात पुसत आली आन् म्हणाली, "वन्सं, मला बी द्या वाईच."

आईनं हळद घेतली, तोंडातल्या तोंडात कायतरी म्हणाली आन् मूठ मिटली. बास. एक अक्षर कुणाला ऐकू आलं न्हाय.

"कृष्णात," आबा पप्पास्नी म्हणाले, "बायकूला सांग जरा."

पप्पांचं पुढचं मी त्यांच्याकडनं नंतर काढून घेतलं, एकदम न्हाय, चार-पाच दिसांत थोडं थोडं. आबांनी त्यास्नी कारखान्यात चिकटवलं, लग्न आबांनी केलं, आजारपणात दवाखान्याच्या पायरीवर तीन रात्री आबा बसलेलं. भावाला न्हाय म्हणायचं असतं कसं, हेच त्यास्नी म्हाईत न्हवतं. पर आईची मिटलेली मूठ दिसत हुती. आन् त्यास्नी वाटलं म्हणे, की ह्या मुठीत काय हाय ते आपुन वीस वरसांत कवा इचारलंच न्हाय.

"दादा," ते म्हणाले, "तिनं उचललाय की आता. मी काय सांगू?"

येवढंच. पर आमच्या घरात ही लई मोठी बोली झाली.

"आन् माझं दुकान?" राजवीरदादा उठला. "गिऱ्हाईकानं गाडी काय डोक्यावर लावायची? तुमास्नी सायकली दिसत्यात, माझा हप्ता कुणाला दिसतोय?"

"तुझं गिऱ्हाईक वहीत हाय," मी म्हटलं.

"माझं?"

"सकाळी साडेआठपतुर तुझ्याकडं सत्तर माणसं चहा पित्यात. गाडीतनं उतरून पिणारी नऊ. त्यातली दोन पॅनेलची, ती फुकट पित्यात."

"तू माझी गिऱ्हाईकं मोजलीस?"

"मला शाळा न्हाय दादा. मी सगळंच मोजतो."

त्यानं वही हिसकून घेतली. मला वाटलं फाडतोय. त्यानं उघडली, आन् उभ्या उभ्या वाचत ऱ्हायला. बाहीर जीपचा हॉर्न दोनदा वाजला तरी मान वर न्हाय.

जीपमधनं आबा आन् काकी गेली. राजवीरदादा वही माझ्या हातात देऊन पाठोपाठ बुलेटवर. आत्तीनं कॅन काढलं, कॅरेजवर आईला घेतलं. आई आठ वरसांनी सायकलवर बसली, तिनं एका हातानं आत्तीची कंबर धरलेली, दुसरी मूठ अजून मिटलेली. पप्पा दोन मिनटं दारात हुबं ऱ्हायलं. जीप आणखी माणसं गोळा कराय उजवीकडं गेली, आत्ती पट्टीवरनं डावीकडं, मतदानाच्या शाळंकडं. मग त्यांनी आपली सायकल काढली, घंटी वाजवून बघितली, उगाचच, आन् निघालं.

मी आन् अनुजा शाळंच्या फाटकापास्नं लांब, दोरीच्या अल्याड हुबं ऱ्हायलो. आत काय झालं ते बाहीर कळत न्हाय, हेच तर मला सहन हुत न्हाय. म्हणून मी नंतर एकेकाला धरून धरून इचारलं.

आत्तीनं चार बटणं दाबली आन् मशीन वाजलं तवा तिनं कागदाआडनं इचारलं म्हणे, "लागलं न्हवं?" आतला सायेब म्हणाला, "आज्जी, लागलं, आता बोलू नका." आईनं आत जाऊन मूठ उघडली, निळ्या पट्टीवर पिवळं बोट उठलं. पप्पा तीन दाबून हुबं ऱ्हायलं. सायेब दोनदा म्हणाले, "पावणं, अजून एक ऱ्हायलंय. आवाज आल्याबिगर सोडता येत न्हाय." पप्पा म्हणाले, "व्हय, दाबतो." त्या टायमाला त्यास्नी माझी सायकल आठवली, गोठ्याच्या माळ्यावर टाकलेली, चाकात कोंबडीनं अंडी घातलेली. मग त्यांनी दाबलं. कुठलं दाबलं ते त्यांनी सांगितलं न्हाय. मी इचारलं बी न्हाय, आन् मला तर सगळं इचारायची खोड हाय.

काकीचं तर कुणाच्या ध्यानातच न्हवतं. सोप्यात ती एक शब्द बोलली न्हवती, गरम चहाचं भांडं फडक्यानं धरून कोपऱ्यात हुबी. जीपमधनं उतरताना आबा म्हणाले, "ध्यानात हाय न्हवं, चारी?" तिनं मान हालवली. आठ दिसांनी मेथी निवडताना मला म्हणाली, "चौथं मी कपबशीचं दाबलं."

"काकी, आन् भंडारा?"

"मी कुठं उचलला? ह्यांनी उचलला. मला इचारलं तरी हुतं काय?" तिनं देठं बाजूला केली. "आन् अनुजाला टाकं घालताना हात मीच धरलेलं. ती वरडली न्हाय. माझ्या बोटावर तिच्या नखाचा डाग हाय अजून. बघ."

डाग कुठं दिसत न्हवता. पर मी बघितला.

दुपारभर शाळा मोकळी पडलेली. पॅनेलची पोरं सावलीला बसून भेळ खायली. दुकानवाली सकाळीच येऊन गेलती, गणपतराव बोललं तसंच. मी वहीत तासाला किती माणसं आत गेली ते लिहीत हुतो आन् परत परत बेरीज करून बघत हुतो. साडेतीनला अनुजा म्हणाली, "दीदी, चल घरी. झालं की."

"चारला पाळी सुटतीया."

"सुटली तरी झोपत्यात म्हणालीस न्हवं?"

मी तिला हाणणारच हुतो. तिच्या हनुवटीकडं बघून हात मागं घेतला.

गेल्या दहा दिवसांत आत्तीनं अडतीस घरांत दूध घालताना दुधाबरोबर एकच वाक्य घातलेलं, "गुरवारी पाळी सुटल्यावर घरी जाऊ नगो, आधी शाळेत जा, मग पालथा पड." तिनं कपबशीचं नाव काढलं न्हाय. "कुणाला टाकायचं त्यांचं त्यांनी बघावं," म्हणायची, "आधी लाइनीत तर दिसू द्या."

चार वाजून वीस मिनटांनी रस्त्यावर पहिली घंटी वाजली. आकाराम हुता, कपड्याला काजळी. त्यानं सायकल शाळंच्या कंपाउंडला लावली. त्याच्या मागं चार. मग मी लिवायचं सोडलं, कारण लिवाय टाइमच न्हवता. कंपाउंडला सायकलीवर सायकली रेललेल्या, एक काढायची म्हटली तर दहा पडतील अशा. लाइन फाटकाबाहीर आली, वडाला वळसा घालून पार पाण्याच्या टाकीपतुर. उसाच्या मळीचा वास सगळीकडं. पॅनेलची पोरं भेळ तशीच टाकून फोन लावाय लागली.

साडेपाचला फाटक बंद झालं, आत असल्याल्या सगळ्यास्नी चिठ्ठ्या वाटल्या. शेवटचा माणूस अंधार पडता पडता बाहीर आला.

शुक्रवारी मोजणी झाली. कपबशी पडली.

चारशे बारा मतांनी. गणपतराव निवडून आले, पॅनेलचं बाकीचं तिघं बी. फटाक्यांचा आवाज आला तवा मी गोठ्यात गेलो आन् वैरणीवर लाथा घातल्या. आत्ती दाराशी येऊन म्हणाली, "वैरणीनं काय केलं तुझं? म्हशी उपाशी मारशील."

"आत्ती, फुकट गेलं सगळं."

"गेलं का? मला तर दूध आटवल्यावर बी खाली कायतरी ऱ्हातंय म्हाईत हाय. चल, भाईर गुलाल आलाय."

गुलाल खराच दारात आलता. गणपतराव, डोस्कं गुलाबी, गळ्यात तीन हार, मागं पाच-सहा माणसं. पहिल्यांदा आमच्याकडंच आलं, आन् आबांच्या तोंडावरनं दिसत हुतं, का आलं ते त्यास्नी म्हाईत हाय. सोप्यात बसल्या बसल्या गणपतरावनी खिशातनं कागद काढला. कुठल्या खोलीत कुणाला किती पडली त्याचा.

"हंबीरराव, आख्ख्या प्रभागात मी म्होरं. ह्या एका खोलीत मला एकशे नव्वद आन् कपबशीला तीनशे अकरा." त्यांनी कागद आबांच्या मांडीवर ठेवला. "ही तुमची खोली. भंडारा उचललाता न्हवं?"

मी दाराला धरून हुबा. काकीनं पदर तोंडाला लावलेला. आईच्या मुठी आपोआप मिटल्या. आबांनी एकदा आमच्या सगळ्यांकडं बघितलं, एकेकाकडं, जीपमधी बसवताना मोजत्यात तसं.

"उचललाता," आबा म्हणाले. "माझी चारी बटणं तुमालाच हायत. माझ्या हातात तेवढीच हुती. जास्ती सांगितली, ती माझी चूक."

आबांच्या तोंडातनं चूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पप्पा पटकन खाली बघाय लागले, भावाचं तोंड बघू नये म्हणून.

गणपतराव बराच येळ कागद बघत ऱ्हायले. रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मी बी रागावलो असतो. पर त्यांना निराळंच पडलेलं. "तीनशे अकरा," ते आपल्याशीच म्हणाले. "ही माणसं आली कुठनं? गेल्या बारीला ह्या खोलीत चार वाजता कुत्रं न्हवतं." मग माझ्याकडं बघितलं. "ती वही कुठाय गं?"

"हाय. देत न्हाय."

"क्रांते," आबा म्हणाले.

"देत न्हाय. मागच्या बारीला चष्मा लावून वाचली, काय झालं? वाचून कळत न्हाय ते. सकाळी सहाला पट्टीवर या. सायकल घिऊन या, बुलेट नगो."

त्यांची माणसं हसाय लागली. गणपतराव हसलं न्हाईत. "माझ्याकडं सायकल न्हाय."

"माझी न्या," आत्ती म्हणाली. "कॅनसकट."

"ब्लॉकचं काम फेब्रुवारीत काढणार हुतो," ते उठत म्हणाले. "बघू. आधी बघतो." बघू म्हंजे काय ते त्यांचं त्यास्नी म्हाईत. पर जाताना त्यांनी तो कागद आबांच्या मांडीवरनं उचलून घेतला, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. हार मात्र आमच्या फळीवर इसरून गेलं.

शनवारी सकाळी सहाला मी पायरीवर गेलो तर तिथं खुर्ची हुती, आन् खुर्चीत आबा. कानाला मफलर, मांडीवर माझी वही.

"आलं न्हाईत गणपतराव?" मी इचारलं.

"त्यो यील न्हायतर न्हाय यील. तुझं आकडं खरं हायत का, ते मला बघायचंय. पेन्शिल दे."

मी शेजारी बसलो. धुकं हुतं, कारखान्याच्या चिमणीचा धूर त्यातच मिसळलेला. पाळीची माणसं यायला लागली. पट्टीवर एक पांढरी गाडी उभी हुती, तिथं आल्यावर एकेक सायकल डांबरावर जायची आन् परत पट्टीवर यायची. आबा दर सायकलीला एक रेघ मारत हुतं. पहिल्या पन्नासाला म्हणाले, "लई हायत की गं ही." शंभराला म्हणाले, "सगळी ह्या गाडीला वळसा घालत्यात?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"कुणाची गाडी ही?"

"ते वहीत न्हाय. तुमी इचारा."

राजवीरदादा चहा घेऊन आला. कपबशीतनं. आबांनी बशीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "निवडणूक संपली की आता. आन् कागदी गिलास महाग पडत्यात." आबांनी बशीत वतून घोट घेतला, डोळं रस्त्यावर. रेघ चुकू नये म्हणून बशी डाव्या हातात.

सव्वासातला अनुजा निघाली, पाठीला दप्तर, अर्ध्या दिवसाची शाळा. तिनं आबांना बघितलं आन् तिचा पाय पायडलवर थबकला. आबांची मान वहीत हुती. ती हळूच पुढं गेली, पांढऱ्या गाडीपाशी आली, मागं वळून ट्रक बघितला, डांबरावर उतरली, आन् परत पट्टीवर चढली.

आबांनी रेघ मारली. "दोनशे सोळा," म्हणाले, आन् मग मान वर करून बघितलं, कोण ते.

पेन्शिलीच्या मागं खोडरबर हुता. माझी नजर त्याच्यावरच. आबांनी पेन्शिल बोटांत फिरवली, अनुजा वळणावर दिसेनाशी होईपतुर बघत ऱ्हायलं. मग त्या रेघंवरनं त्यांनी पेन्शिल परत एकदा फिरवली, जाड केली, आन् बशी खाली ठेवून उठलं.

"धर वही," म्हणाले. "ही गाडी कुणाची हाय ते बघून येतो."